एकांकिकेचा कॉपीराइट: नोंदणीपेक्षा सहीची काळजी करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे अशाच अडचणीत असलेल्या इतरांनाही संदर्भ लागेल.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही एक एकांकिका लिहिलीत. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला बँकेत जातात आणि तिथं कळतं की कागदोपत्री ते वारलेले आहेत. आपण जिवंत आहोत हे पटवून देण्यासाठी ते जुने विद्यार्थी साक्षीला गोळा करतात आणि बँकेतच त्यांची हजेरी घेतात. गावातल्या हौशी संस्थेनं ही एकांकिका स्पर्धांत केली, बक्षिसंही मिळवली. आता यूट्यूबवर एक लघुपट आलाय. त्यात गुरुजींच्या जागी बाई आहेत, गाव वेगळं आहे, पण बँकेतली हजेरी तशीच आहे आणि काही वाक्यं तर शब्दशः. तुम्ही कॉपीराइट नोंदवलेला नाही. संस्थेचं म्हणणं, निर्मिती आमची म्हणून हक्क आमचे. दिग्दर्शकाचं म्हणणं, अर्धे संवाद तालमीत तयार झाले. आणि याच सुमारास एका निर्मात्यानं या एकांकिकेवर चित्रपट करायचा म्हणून ‘सर्व हक्क’ देणारं एक पानी पत्र सहीसाठी पाठवलंय.

तुम्ही नोंदणीचा प्रश्न सगळ्यात वर ठेवलाय आणि पत्राचा सगळ्यात खाली, जाता जाता विचारल्यासारखा. मी हा क्रम उलटा लावेन. लेखकांचे करार आणि त्यांतून उद्भवलेले दावे हेच माझं रोजचं काम आहे. नोंदणी नव्हती म्हणून हक्क गेला असं त्यात जवळपास कधीच घडत नाही. न वाचता, किंवा वाचून पण संकोचापोटी, केलेल्या सहीमुळे हक्क गेलेले लेखक मात्र सतत भेटतात. तेव्हा बाकी काहीही करण्याआधी एक करा: त्या पत्रावर अजून सही करू नका. ते तसंच का ठेवायचं ते पुढे सविस्तर सांगते.

एक मर्यादाही आधीच सांगून टाकते. मी तुमची संहिता वाचलेली नाही आणि लघुपटही पाहिलेला नाही. त्यामुळे ‘ही चोरीच आहे’ असा निकाल देणार नाही. अशा प्रकरणाकडे मी कसं पाहते आणि काय तपासते, ते सांगते. कागद तुमच्याकडे आहेत, ते तुम्ही लावून पाहा.

नोंदणीचं आधी उरकते. भारतात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार मूळ साहित्यकृती किंवा नाट्यकृती लिहून झाली की त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. अर्ज, शिक्का, फी यांतलं काहीही त्यासाठी लागत नाही. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारातही हेच तत्त्व आहे आणि भारत १९२८ पासून त्या करारात आहे. मधल्या काळात महाराष्ट्रात थोडा गोंधळ झाला होता, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१२ च्या एका निकालात दावा लावायला नोंदणी हवीच असं म्हटलं गेलं. काही वकील अजूनही त्यावरून घाबरवतात. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयात, खाद्यतेलाच्या वेष्टनावरून झालेल्या संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग या वादात, न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी आधीच्या निकालांचा सविस्तर आढावा घेऊन नोंदणी सक्तीची नाही हे स्वच्छ शब्दांत सांगितलं.

मग नोंदणी कशासाठी? कलम ४८ नुसार नोंदवहीतला तपशील प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. म्हणजे तो खोटा आहे हे दाखवण्याचं ओझं समोरच्यावर जातं. नाट्यकृतीसाठी फी ५०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. अर्जाचा नोंद क्रमांक, म्हणजे डायरी क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं, मग तपासणी होते. चित्रपटाचं बोलणं चालू आहे म्हणून तुम्ही आता अर्ज करा असंच मी सांगेन, निर्माते ते प्रमाणपत्र मागतात. पण लघुपटाबद्दलचं पाऊल त्यासाठी अडवून ठेवू नका. वाद उभा राहिल्यावर केलेल्या नोंदणीचं वजन तसंही कमीच असतं. आणि स्वतःलाच रजिस्टर पोस्टानं संहिता पाठवून पाकीट बंद ठेवायचं, हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलाय असं लिहिलंय. कायद्यात त्याला वेगळं स्थान नाही.

तुमच्याकडे त्याहून चांगला पुरावा आहे, तुमचं त्याकडे लक्ष गेलेलं दिसत नाही. एकांकिका रंगमंचावर आली म्हणजे संहिता, प्रयोगाआधी ती तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे गेली असणार, आणि स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत आयोजकांकडेही. मंडळाचं प्रमाणपत्र बहुधा संस्थेच्या फायलीत असतं. त्यावर एकांकिकेचं नाव, लेखकाचं नाव आणि तारीख असते. तिऱ्हाईत सरकारी कार्यालयाच्या दप्तरी, वाद सुरू होण्याच्या कितीतरी आधी, तुमचं नाव लेखक म्हणून नोंदलेलं आहे. न्यायालयात मला हा कागद फार आवडतो. त्याची प्रत मिळवा. स्पर्धेचं माहितीपत्रक, वर्तमानपत्रातली निकालाची बातमी, तालमीच्या आधी गटाला पाठवलेला ईमेल, संगणकावरच्या जुन्या मसुद्यांच्या फायली हे सगळं जमवा. जुने मसुदे तर अजिबात पुसू नका. खोडाखोड असलेल्या मसुद्यावरून लेखक कोण ते जितकं कळतं, तितकं स्वच्छ टंकलेल्या शेवटच्या प्रतीवरून कळत नाही.

आता मुख्य वाद: लघुपटात जे आलं, ते तुमचं आहे का?

कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही. विषय, कथासूत्र, ऐतिहासिक घटना, सर्वांना ठाऊक असलेली परिस्थिती, यांवर कुणाचाच हक्क नसतो. ती कल्पना तुम्ही ज्या रूपात मांडली, त्या रूपावर हक्क असतो. हे भारतात ज्या खटल्यानं पक्कं केलं, तो नाटकाचाच होता. आर. जी. आनंद यांनी १९५३ मध्ये ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिलं. प्रांतवादामुळे पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतल्या मुलामुलीच्या लग्नात येणारे अडथळे, हा त्याचा विषय. चित्रपटासाठी त्यांनी ते दिग्दर्शक मोहन सैगल यांना ऐकवलं. पुढे १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, तोही याच विषयावर. आनंद न्यायालयात गेले, खालपासून हरत हरत सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि १९७८ मध्ये तिथंही हरले. विषय सारखा आहे हे न्यायालयानं मान्य केलं. पण चित्रपटात हुंड्याचा प्रश्न होता, घर भाड्यानं देतानाचा भेदभाव होता, प्रसंगांची मांडणी वेगळी होती. दोन्ही कलाकृती पाहिलेल्या माणसाच्या मनावर ‘दुसरी ही पहिलीची नक्कल आहे’ असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का, ही कसोटी तिथं घालून दिली गेली आणि आजही तीच लावली जाते.

तुमच्या एकांकिकेला ही कसोटी लावू. जिवंत माणूस कागदोपत्री मेलेला असणं ही कल्पना तुमची नाही. देशभर अशी माणसं खरोखर आहेत, त्यांच्या बातम्या छापून आल्यात. हयातीच्या दाखल्यासाठी ताटकळणारे निवृत्त शिक्षक तर नोव्हेंबरात कुठल्याही बँकेत दिसतात. लघुपटवाल्यांनी एवढंच घेतलं असेल तर तुम्हाला राग आला तरी दावा लागत नाही. मी तरी तो घेणार नाही.

एक पायरी खाली या. शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना साक्षीला बोलावतो. हे थोडं विशेष झालं, पण अजून कल्पनेच्याच जवळ आहे. दोन लेखकांना ते स्वतंत्रपणे सुचू शकतं.

आणखी खाली. बँकेच्या काउंटरसमोर तो हजेरीपट उघडतो. नावं वयानुसार न येता जुन्या हजेरीपटाच्या क्रमानं येतात. वारलेल्या विद्यार्थ्याचं नाव आल्यावर तो थांबतो, आणि त्याच्या जागी त्या मुलाची आई ‘हजर’ म्हणते. शेवटी कॅशियर गुरुजींचं नाव पुकारतो आणि त्यांना उत्तर देता येत नाही. हे तुम्ही प्रश्नात लिहिलंय म्हणून मला कळलं. हे आता नुसतं कल्पनासूत्र राहिलेलं नाही. हा रचलेला प्रसंग आहे, त्याला क्रम आहे, कारण आहे, चढ आहे. हाच क्रम, हीच आई, हाच शेवट लघुपटात असेल, तर नायकाची नायिका केल्यानं आणि गावाचं नाव बदलल्यानं फार फरक पडत नाही. वर शब्दशः वाक्यं असतील तर तुमची बाजू आणखी भक्कम होते.

म्हणून माझं पहिलं काम नेहमी तक्ता करणं असतं. कागदाच्या डाव्या बाजूला संहितेतलं पान आणि ओळ, उजव्या बाजूला लघुपटातली मिनिटं आणि सेकंदं. प्रसंगाचा क्रम, पात्रांचे परस्परसंबंध, वाक्यं, वस्तू, सगळं वेगवेगळ्या ओळीत. साम्य जितक्या प्रामाणिकपणे लिहाल तितक्याच प्रामाणिकपणे फरकही लिहा, कारण समोरचा वकील फरकांचीच यादी घेऊन येणार आहे. आणि चुका शोधा. नाटकाच्या एका प्रकरणात मूळ संहितेत पात्राचं जन्मवर्ष आणि पुढे सांगितलेलं वय जुळत नव्हतं, दोन वर्षांचा घोळ होता. लेखकाच्याही तो कधी लक्षात आला नव्हता. दुसऱ्या पक्षाच्या संहितेत तोच घोळ होता, त्याच दोन वर्षांचा. विषय योगायोगानं जुळतो, वाक्यही एखादं जुळतं. चुकलेली बेरीज योगायोगानं जुळली हे पटवून देणं अवघड असतं. त्या तक्त्यातली तीच ओळ समोरच्यांना बोलणीला घेऊन आली.

शीर्षकाबद्दल तुम्ही ओझरतं विचारलंय. शीर्षकावर कॉपीराइट नसतो. ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये ते स्पष्ट केलंय. लघुपटाचं नाव तुमच्या एकांकिकेसारखं असलं तरी तो मुद्दा नोटिशीत घालू नका, बाकीच्या भक्कम मुद्द्यांचं वजन त्यानं कमी होतं.

आता संस्था. हौशी संस्थेनं नेपथ्याचा, प्रवासाचा, प्रवेश फीचा खर्च केला म्हणून संहितेचा हक्क तिच्याकडे जात नाही. कलम १७ प्रमाणे पहिला मालक लेखकच. अपवाद आहे तो नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कृतीचा. तुम्ही त्या संस्थेत पगारावर नव्हतात. त्यांनी ‘आमच्यासाठी लिहा’ म्हणून सांगितलं आणि मानधन दिलं, तरीही नाही. सांगून आणि मोबदला देऊन करवून घेतल्यावर हक्क आपोआप करवून घेणाऱ्याकडे जातो तो छायाचित्र, चित्र, व्यक्तिचित्र, चित्रपट अशा मोजक्या गोष्टींत. संहिता त्या यादीत नाही. स्पर्धेसाठी तुम्ही जे संमतीपत्र दिलंत ती प्रयोग करण्याची परवानगी होती. मात्र ते संमतीपत्र एकदा काढून वाचा. त्यात ‘सर्व हक्क संस्थेकडे राहतील’ अशी ओळ नाही ना, एवढं पाहा. काही छापील नमुन्यांत ती असते आणि स्पर्धेच्या गडबडीत कुणी वाचत नाही.

दिग्दर्शकाचा मुद्दा इतका सोपा नाही, आणि इथं खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. तालमीत सगळीकडेच भर पडते. नटाला वाक्य जिभेवर बसत नाही म्हणून तो फिरवतो, दिग्दर्शक एखादी जागा सुचवतो, तुम्ही ती लिहून घेता. एवढ्यानं कुणी सहलेखक होत नाही. सहलेखन म्हणजे दोघांनी मिळून एकत्र निर्मिती करणं, आणि दोघांचा वाटा वेगळा काढता न येणं. तुमच्या गटानं संहितेशिवाय तालीम सुरू करून प्रसंग उभे केले असतील आणि तुम्ही ते नंतर कागदावर आणले असतील, तर दिग्दर्शकाचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. संहिता आधी पूर्ण होती आणि नंतर संवाद बदलले, तर तुमचा पहिला मसुदा आणि प्रयोगाची संहिता शेजारी ठेवा. हजेरीचा प्रसंग पहिल्या मसुद्यात आहे का? असेल तर या वादापुरतं उत्तर मिळालं.

तरीही माझा सल्ला असा की दिग्दर्शकाशी आत्ताच बसून बोला. तो खरोखर सहलेखक ठरला तर चित्रपटाच्या परवानगीला दोघांच्या सह्या लागतील, आणि निर्मात्याला हे उशिरा कळलं तर तो सरळ पाठ फिरवतो. ‘संहितेचं लेखन यांचं, प्रयोगाचं दिग्दर्शन माझं, संहितेवर माझा हक्क नाही’ असं दोन ओळींचं पत्र त्यानं दिलं तर उत्तम. बदल्यात श्रेयनामावलीत त्याचा उल्लेख आणि काही रक्कम द्यावी लागली तरी द्या. तीन वर्षं सोबत काम केलेल्या माणसाशी भांडण ओढवून घेऊन कुणाचंच भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

दोन महाविद्यालयांनी न विचारता एकांकिका केली, असंही तुम्ही म्हटलंय. इथं कायदा लेखकाला वाटतो त्यापेक्षा उदार आहे, हे माहीत असलेलं बरं. महाविद्यालयातले विद्यार्थी आणि शिक्षक प्रयोग करत असतील आणि प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित मंडळी एवढेच असतील, तर परवानगी लागत नाही. हौशी मंडळानं फुकट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी प्रयोग केला तरी लागत नाही. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडळींनी बसवलेली, तिकीट नसलेली एकांकिका यात बसते. पण तिकीट लावलेली स्पर्धा बसत नाही, आणि प्रयोगाचं चित्रीकरण करून ते इंटरनेटवर टाकणं तर मुळीच बसत नाही. नाव मात्र तुमचं लागलंच पाहिजे. कलम ५७ खाली लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा, आणि कृतीची मोडतोड होऊन आपल्या नावलौकिकाला बाधा येत असेल तर ती थांबवण्याचा हक्क स्वतंत्र आहे. बाकीचे सगळे हक्क विकले तरी तो लेखकाकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प सरकारनं उखडून गोदामात टाकलं म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी याच कलमावर दावा केला आणि २००५ मध्ये तो जिंकला. शिल्पाची मालकी सरकारची होती, तरीही.

लघुपटाबाबत पावलं कुठली, ते क्रमानं सांगते. आधी पुरावा, मग बोलणं. लघुपट पूर्ण उतरवून ठेवा, पानाचा पत्ता, अपलोडची तारीख, दर्शकसंख्या, श्रेयनामावली, खालच्या प्रतिक्रिया, सगळ्याचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. ‘ही तर अमुक एकांकिका’ असं एखाद्या प्रेक्षकानं खाली लिहिलं असेल तर ते सोनं आहे, कारण तेच त्या कसोटीतलं पाहणाऱ्याचं मत. न्यायालयात हे इलेक्ट्रॉनिक पुरावे द्यायचे तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून देईल, पण मूळ फाइल आणि ज्या फोनवर वा संगणकावर ती घेतली तो जपून ठेवा. समोरच्यापर्यंत तुमची संहिता कशी पोहोचली असेल, तेही लिहून काढा. त्यांच्यातलं कुणी त्या स्पर्धेत होतं का, परीक्षक होतं का, प्रयोगाचं चित्रीकरण कुठं उपलब्ध होतं का? नक्कल झाली म्हणायचं तर मूळ कृती हाती लागण्याची संधी दाखवावी लागते.

मग वकिलामार्फत नोटीस. भाषा सौम्य आणि तक्ता जोडलेला. फेसबुकवर नाव घेऊन ‘चोर’ लिहिणं हा सगळ्यात महागडा उतावळेपणा आहे, त्यातून अब्रुनुकसानीची उलटी नोटीस येते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. शिवाय आधार नसताना कॉपीराइटच्या धमक्या देणाऱ्याविरुद्ध कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली समोरचा दावा करू शकतो. यूट्यूबकडे तक्रार हा दुसरा मार्ग. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यावर अशा मंचानं ३६ तासांत मजकूर दिसणं थांबवायचं असतं, तेही २१ दिवसांपुरतं. तोवर न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा दिसू शकतो. म्हणून तक्रार कधी करायची ते वकिलाशी ठरवा.

न्यायालयाची वेळ आलीच तर दावा जिल्हा न्यायालयात लागतो, आणि कलम ६२ मुळे तो तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो. मुंबईला खेपा घालाव्या लागतील ही तुमची भीती त्यामुळे बरीचशी कमी व्हावी. कॉपीराइट कायद्यात फौजदारी तरतूदही आहे, त्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद. पण कल्पना कुठं संपते आणि मांडणी कुठं सुरू होते, हा वाद पोलीस ठाण्यात सुटत नाही. लेखकांना मी सहसा त्या वाटेला जाऊ देत नाही. बहुतेक प्रकरणं श्रेय, काही रक्कम आणि पुढच्या वापराबद्दलचा लेखी समझोता यांवर मिटतात, आणि ते काही कमी नाही.

आता ते पत्र. तुम्ही त्यातली ओळ उतरवून दिलीय: ‘सदर कथेचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण जगभरासाठी, कायमस्वरूपी निर्मात्यास देत आहे.’ खाली रकमेची जागा कोरी.

हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं असल्याशिवाय वैध नसतं, हे कलम १९ सांगतं. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशापुरते आणि मोबदला किती, हे त्यात असावं लागतं. काळ लिहिलेला नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. निर्मात्यानं एका वर्षात ते हक्क वापरले नाहीत आणि करारात दुसरं काही म्हटलेलं नसेल, तर ते हस्तांतरण गळून पडतं. नीट पाहा: लेखकाच्या बाजूच्या या सगळ्या तरतुदी करार गप्प असला तरच लागू होतात. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द लिहून तो कागद तुमचं ते संरक्षण काढून घेतो. म्हणून म्हटलं, तसाच ठेवा.

हक्क म्हणजे एकसंध गोष्ट नाही, ती शेतजमिनीसारखी गुंठ्यागुंठ्यानं देता येते. रंगमंचावरचे प्रयोग, पुस्तक, नभोनाट्य, अनुवाद, मराठी चित्रपट, इतर भाषांतले चित्रपट, वेब मालिका, हे सगळे वेगवेगळे तुकडे. निर्मात्याला मराठी चित्रपट करायचाय ना, मग तेवढाच द्या. माझ्या नमुन्यात साधारण असं असतं: या एकांकिकेवर आधारित एक मराठी चित्रपट करण्याचा हक्क, अमुक वर्षांसाठी, अठरा महिन्यांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क परत, रंगमंच, पुस्तक आणि अनुवादाचे हक्क लेखकाकडे, दुसऱ्या भाषेत किंवा मालिकेत करायचा असेल तर वेगळा करार आणि वेगळी रक्कम, पडद्यावर ‘मूळ एकांकिका’ म्हणून लेखकाचं नाव, कुठं आणि किती मोठं तेही. रक्कम कोरी असलेल्या कागदावर सही करायचीच नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी एक आधार दिलाय: चित्रपटात घेतलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला, सिनेमागृहाबाहेरच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा सोडून देता येत नाही, आणि तो सोडल्याचं करारात लिहिलं तरी ते निरर्थक ठरतं.

निर्माता एक हमीही मागेल: कृती सर्वस्वी मूळ आहे, दुसऱ्याचं काही त्यात नाही, तसं निघालं तर भरपाई लेखक देईल. गुरुजी तिसऱ्या प्रवेशात शाळेतली कविता म्हणतात असं तुम्ही लिहिलंय. कुणाची आहे ती? लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतो. केशवसुत १९०५ मध्ये गेले, त्यांची कविता घ्या, कुणाला विचारायला नको. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या कवितांवर २०५९ संपेपर्यंत हक्क आहे. पाठ्यपुस्तकात होती म्हणून कविता सार्वजनिक होत नाही. वारसांची परवानगी घ्या किंवा ती जागा बदला, आणि मगच त्या हमीवर सही करा.

निर्मात्याला पुढचे मसुदे किंवा दुसरी एखादी कल्पना पाठवणार असाल तर तोंडी सांगण्याऐवजी ईमेलनं पाठवा आणि ती गोपनीय असल्याचं लिहा. कल्पनेवर कॉपीराइट नसला तरी विश्वासानं सांगितलेली, पुरेशी तपशीलवार कल्पना परस्पर वापरणं न्यायालय रोखू शकतं. झी वाहिनी आणि सनडायल ही निर्मिती कंपनी यांच्यातल्या मालिकेच्या वादात मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये तशी मनाई कायम ठेवली होती. पटकथालेखकांच्या मुंबईतल्या संघटनेचं सभासदत्व घेतलंत तर तिथंही संहिता तारखेसह नोंदवता येते, आणि करार वाचून घ्यायलाही मदत होते.

या आठवड्यात निर्मात्याला एवढंच कळवा की चित्रपटाच्या हक्कांबद्दल तुमची तयारी आहे आणि सुधारित मसुदा तुम्ही पाठवत आहात. लघुपटाचा वादही त्याच्यापासून लपवू नका, नंतर कळलं तर हमीच्या कलमावर तोच बोट ठेवेल. आणि लघुपट पहिल्यांदा कधी दाखवला गेला, यूट्यूबवर की त्याआधी एखाद्या महोत्सवात, ती तारीख शोधून काढा. नुकसानभरपाईच्या दाव्याला उल्लंघनापासून तीन वर्षांची मुदत असते.